एमएसमध्ये रोज वेगळाच त्रास होतो, हे खरं असतं का?

तुम्ही विचारलंय की बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निघालाय, सकाळी ती नीट चालते आणि दुपारी पाय उचलत नाही म्हणते, हे खरंच होतं का मनाचा भाग आहे. मला एमएस होऊन 9 वर्षं झाली. मनाचा भाग अजिबात नाहीये हो, हा आजारच असा आहे.

मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं ना तसं. आपलीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते, मग मेंदूचा निरोप कधी उशिरा पोचतो कधी पोचतच नाही. कुठलं आवरण गेलंय त्यावर त्रास ठरतो, म्हणून दोन पेशंटचं कधी जुळत नाही.

माझं डावं पाऊल बधिर आहे. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, चार पावलं पुढे गेल्यावर मागून कोणीतरी हाक मारतं, अहो तुमची चप्पल राहिली. पहिल्यांदा झालं तेव्हा घरी येऊन खूप रडले होते. आणि गरम पाण्याने आंघोळ केली की उजव्या डोळ्यापुढे धुकं येतं, बाथरूममधला लालभडक मग त्या डोळ्याने रंग उडाल्यासारखा फिका दिसतो, डावा डोळा उघडला की परत लाल. अंग गार झालं की अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. याला उटहॉफ फिनॉमेनॉन म्हणतात, 1890 मध्ये उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे लिहून ठेवलंय. आवरण गेलेल्या नसेला थोडीशी उष्णता सुद्धा सहन होत नाही, आणि शरीराचं तापमान सकाळी कमी असतं नि दुपारनंतर आपोआप थोडं वाढतं, त्यामुळे तुमच्या मिसेसची दुपार अवघड जाते त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

बाकी मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, कधी छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं, बोलताना साधा शब्द आठवत नाही. पण सगळ्यात वाईट थकवा. थकवा हा शब्दच तोकडा आहे खरं तर, कारण काम करून दमलेला माणूस झोपला की ताजा होतो आणि मी 8 तास झोपून उठते तरी केसातून कंगवा फिरवताना हात खाली ठेवून बसावं लागतं. घरातले म्हणायचे काल तर बाजारात जाऊन आलीस मग आज काय झालं. अहो काल जाऊन आले म्हणूनच आज हे असं. कृपा करून कालची तुलना आजशी करू नका, तेवढं एक वाक्य फार लागतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. त्रास वरखाली होणं वेगळं आणि रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, वेगळा. नवीन काही सुरू झालं किंवा जुनं एकदम वाढलं आणि ते 24 तासांपेक्षा जास्त सलग राहिलं तर न्यूरोलॉजिस्टला फोन करा, वाट बघत बसू नका. ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तरी जुनी लक्षणं उसळतात, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा आधी लघवी तपासायला सांगतात.

आणि लघवीचं निघालंच आहे म्हणून सांगते, हे बहुतेक ती तुम्हाला आपणहून सांगणार नाही. एमएसमध्ये लागली की धरवत नाही, बाहेर जायचं म्हटलं की आधी बाथरूम कुठे आहे हेच डोक्यात. मी दोन वर्षं नवऱ्यापासून लपवलं, बाहेर पडायच्या आधी पाणीच प्यायचे नाही, त्याने इन्फेक्शन व्हायचं आणि मग पाय आणखीनच जड. यावर गोळ्या आहेत, व्यायाम आहेत, बराच फरक पडतो. फक्त डॉक्टरसमोर बोलायला तिला लाज वाटत असेल, तर आधी घरी तुम्हीच विषय काढा.