ताम्हणाची पाने लाल झाली म्हणून फवारणी नको

प्रश्न (कुडाळ तालुक्यातील एक शेतकरी): चार वर्षांपूर्वी बांधावर ताम्हणाची वीस रोपे लावली. अजून फूल नाही. जानेवारीत पाने लाल होऊन गळाली. दुकानदाराने करपा सांगून बुरशीनाशक, झाडामागे किलोभर युरिया आणि फुलासाठी पॅक्लोब्युट्राझॉल (वाढ रोखणारे औषध) दिले. घालू का?

उत्तर: घालू नका. पुड्या फोडल्या नसतील तर परत करा.

ताम्हणाची पाने थंडीत लाल होतात आणि गळतात. दरवर्षी. हा करपा नाही. करप्यात पानावर डाग पडतात. इथे अख्खे पान रंगते. जानेवारी आला की लाल पाने पिशवीत घालून शेतकरी माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांनी आधीच फवारलेले असते. झडणाऱ्या पानावर औषध मारून पैसे घालवू नका.

पॅक्लोब्युट्राझॉल हापूसच्या बागेसाठी आहे, तेही मापात. जमिनीत ते बराच काळ राहते. चार वर्षांच्या ताम्हणाची वाढ त्याने खुंटेल. दुकानदार काहीही म्हणो, नको म्हणजे नको.

युरियाही थांबवा. नत्र जास्त झाले की झाड पाल्यावर जाते, आणि पान नसलेल्या झाडाला जानेवारीत घातलेले खत वाया जाते. जूनमध्ये झाडामागे दोन घमेली कुजलेले शेणखत द्या, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करा. पुरे.

ताम्हणाला फूल नव्या फुटीच्या टोकाला येते. छाटणी करायचीच तर पानगळ झाल्यावर, फूट येण्याआधी. एप्रिलमध्ये कोयता चालवलात तर त्या वर्षीचे फूलच कापलेत.

आता मुळातली शंका: रोपे ताम्हणाचीच आहेत ना? गाडीवरून घेतली असतील तर नाणा (ताम्हणाचाच भाऊबंद, वेगळे झाड) गळ्यात पडलेला असू शकतो. ताम्हणाचे पान वीतभर, जाडसर, नाण्याचे लहान. खात्री फुलावरूनच: ताम्हणाचे जांभळे, चुरगळलेल्या पाकळ्यांचे, दोन-तीन इंच रुंद, नाण्याचे बारीक, पांढरे. तोवर धीर धरा, बियांच्या झाडाला फुलायला वेळ लागतोच.

पुढची रोपे स्वतः करा, माझा आग्रह आहे. ओढ्याकाठच्या भरघोस फुलणाऱ्या झाडाची तपकिरी बोंडे थंडीत, तडकण्याआधी काढा. उन्हात वाळवली की पंखाचे हलके बी सुटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गादीवाफ्यावर पेरा, वर माती अगदी पातळ. वर्षाचे रोप पुढल्या जूनमध्ये पाटाकडेला, ओलाव्याच्या जागी लावा.

रोजगार हमी योजनेतून (रोहयो) बांधावरील लागवडीसाठी सातबारा आणि जॉबकार्ड घेऊन ग्रामरोजगार सेवकाला भेटा. यादीत ताम्हण आहे का, ते खड्डे खणण्याआधी विचारा.