लेखातला ‘मी’ कुठे उभा आहे?

नागपूरच्या मारबतीवरचा, म्हणजे इडापिडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवरचा, तुझा लेख दोनदा वाचला. काळी मारबत 1881 पासून निघते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत गर्दी उसळते, हे सगळं नीट आलंय. पण तू कुठे होतास? शेवटच्या ओळीपर्यंत पत्ता नाही, आणि तिथे एकदम ‘मी भारावून गेलो’.

भारावलास हे सांगू नकोस, काय पाहिलंस ते सांग. परवा बोलता बोलता म्हणालास, आजीनं गर्दीत मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ उठला. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडताना तिचा आवाज फाटला, कारण त्याच वर्षी आजोबा गेले होते. अरे, लेख तिथे आहे! तो वळ दिसला की ‘मी’ आपसूक येतो.

ललित लेखात ‘मी’ दोन असतात. एक आठ वर्षांचा, ज्याला फक्त मोठ्यांच्या पाठी दिसत होत्या. दुसरा आजचा, ज्याला आजीचं ओरडणं कळतं. त्यांची सरमिसळ करू नकोस; पोराच्या तोंडी आजची समज घातली की वाचक लगेच ओळखतो.

आठवत नाही ते रचायचं नाही, सरळ ‘आठवत नाही’ लिही. छापायला देण्याआधी आईला वाचून दाखव, आजीवर तिचाही हक्क आहे. आणि तू हात सोडवून पळाला होतास ना? ते गाळलंस. ते आलंच पाहिजे.