गोडा मसाल्याचं टार्गेट मार्केट "25 ते 45 वयाच्या सर्व गृहिणी" धरलंय. पोझिशनिंग, म्हणजे गिऱ्हाईकाच्या मनातली ओळख, काय ठेवू? आणि जाहिरात इन्स्टाग्रामवर करू की व्हॉट्सअ‍ॅपवर?

"25 ते 45 वयाच्या गृहिणी" वाचलं की माझं डोकं फिरतं. एजन्सीवाल्यांशी माझा हा जुना वाद आहे. एकाच सोसायटीतल्या दोघी घ्या, दोघी पस्तिशीच्या, घरी पगारही सारखाच. एक उन्हाळ्यात डंकावर उभी राहून वर्षाचा मसाला कुटून आणते. दुसरीला आईकडून मसाल्याचा डबा यायचा, तो आता यायचा थांबलाय. पहिली तुमची गिऱ्हाईक नाहीच, उलट स्पर्धक आहे. नणंदेलाही अर्धा किलो तीच देते.

तेव्हा वय सोडा, घरात मसाला येतो कुठून ते बघा. वीस-पंचवीस घरांत विचारा: शेवटचा गोडा मसाला कधी आणला, कुठून, किती, आणि तो वापरून संपला, का टाकून द्यावा लागला? "माझा घ्याल का?" हे मात्र विचारू नका, तोंडावर सगळे हो म्हणतात. गट आपोआप दिसतील: डंकवाल्या, डबा बंद झालेली घरं, खानावळी, परदेशी शिकायला निघालेली मुलं.

मी डबा बंद झालेलं घर धरेन. मग पॅकिंगही तेच ठरवतं. आमटीला छोटा चमचा, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. आठवड्यातून चार-पाचदा धरलं तरी बारा ग्रॅमच्या आसपास. 100 ग्रॅमचं पाकीट दोन महिने पुरतं. अर्धा किलो दिलात तर तो वर्षभर डब्यात पडून राहील, आणि गोड्या मसाल्यात खोबरं-तीळ असतात, ते खवट होतात. बाई म्हणणार, मसाला वाईट निघाला. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वास लवकर उडतो. फॉइलचा जाड पाऊच घ्या.

किंमतही उलटी मोजा. समजा एमआरपी 90. दुकानदाराचे 20 टक्के गेले की 72, त्यातून वितरकाचे 8 टक्के गेले की 66. जीएसटी लागत असेल तर तोही याच 66 मधून. उरलेल्यात माल, दळण, पाऊच आणि तुमची मजुरी बसते का ते बघा.

खानावळीला पाच किलो द्यायचा मोह होईल. द्या, पण त्याच लेबलखाली नको. किलोचा भाव गावभर झाला की 100 ग्रॅमचं पाकीट लूट वाटायला लागतं.

"घरगुती, पारंपरिक, शुद्ध" हे पोझिशनिंग नाही. शेजारच्या पाकिटावर हेच शब्द छापले तर काही बिघडतं का? नाही ना, मग ते खोडा. तुमची तुलना दुकानातल्या ब्रँडशी होत नाही, आईच्या डब्याशी होते. म्हणून कुठल्या भागाच्या हातचा मसाला आहे, दगडफूल-नागकेशर आहे का आणि चार माणसांच्या आमटीला किती घालायचा, हे पाकिटावर दर्शनी लिहा.

मार्केटिंगवाल्या वेंडेल स्मिथने 1956 साली सेगमेंटेशन, म्हणजे बाजाराचे गट पाडणं, मांडलं तेही मागणीतल्या फरकावर. वयाचे रकाने ही नुसती सोय.

हे सगळं गोड्या मसाल्यापुरतं, हं. हळद-तिखटात भाव आणि रंगच बोलतो. आणि तुमच्या गावात घरोघरी डंकाचाच मसाला असेल तर डबा बंद झालेल्या घरांचा गट पोट भरण्याइतका मोठा नसेल; मग पुण्या-मुंबईत कुरियर करावं लागेल.

जाहिरात? आधी व्हॉट्सअ‍ॅप. दोन महिन्यांनी "मसाला संपत आला असेल" हा मेसेज तिथेच जातो.