निर्वासित की विस्थापित?

निपाणीच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: मुलांच्या निबंधात 'क्लायमेट रेफ्युजी'साठी 'हवामान निर्वासित' असं येतं. दूधगंगा-वेदगंगेच्या पुरात घर सोडावं लागलेल्यांना हा शब्द चालेल का?

माझ्या मते नको. निर्वासित म्हणजे नुसतं घर सुटलेला नव्हे, तर कुणीतरी घराबाहेर काढलेला. सीतेचं झालं ते निर्वासन. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या छावण्यांत आली, त्यांना हा शब्द चपखल बसला. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराची व्याख्याही छळावरच उभी आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळाची भीती, आणि देशाची सीमा ओलांडलेली. पूर-दुष्काळाला त्यात जागा नाही. किरिबाती बेटांवरच्या योआने तैतिओता यांनी समुद्र चढतोय म्हणून न्यूझीलंडकडे आश्रय मागितला, तर २०१५ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आलं.

'विस्थापित' बरा. जागेवरून हलवलेला एवढंच तो सांगतो. नदीनं, धरणानं की सरकारनं, ते बोलत नाही. हिडकल धरणात गावं गेली त्यांना आपण विस्थापितच म्हणत आलोय.

पण दर पुरातल्या प्रत्येकाला तोही लावू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच फुगल्या; चिकोडी, गोकाक, रामदुर्गकडची कितीतरी माणसं पाणी ओसरेपर्यंत शाळांतून राहिली आणि मग घरातला चिखल काढायला परतली. ती पूरग्रस्त, आणि त्यांचं झालं ते स्थलांतर. (आपल्याकडे कर्नाटकात अशा निवाऱ्यांना सरकारी कन्नडमध्ये 'काळजी केंद्र' म्हणतात. तिथं काळजी म्हणजे देखभाल. आपल्या कानाला मात्र आधी चिंताच ऐकू येते. पूरग्रस्तांना 'संत्रस्त' म्हणतात, ते तर आपल्याला थेट 'भेदरलेले' वाटतं.) शिवाय एकच पूर दाखवून 'हा हवामानबदलच' असं म्हणायला अभ्यासकही कचरतात. ज्यांची शेती, पाणी किंवा किनारा वर्षानुवर्षं हातचा जातो आणि परतायची सोयच उरत नाही, त्यांच्यासाठी 'हवामान-विस्थापित' राखून ठेवावा.

'परागंदा' कुणी सुचवेल. मूळ फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. मराठीत मात्र त्याला फरारीपणाचा वास लागलाय. पुरानं घर गेलेल्याला तो का चिकटवायचा?

दुष्काळाचं निराळं. उत्तर कर्नाटकात कन्नड माणूस 'गुळे' जातो: घराला कुलूप किंवा म्हातारी माणसं मागे, पोरंबाळं बरोबर, पावसाच्या सुमाराला परत. मराठीत याला 'जगायला जाणे' म्हणतात. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना जुनी माणसं "आम्ही जगायला गेलो होतो" असंच म्हणतात. एखाद्या मुलानं निबंधात हे लिहिलं तर 'बोलीभाषा' म्हणून गुण कापू नका. 'हंगामी स्थलांतर' या शब्दात परतणं कळतं, पण माणूस का निघाला ते कळत नाही.