कोटेशनवर सही करण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं दुकानाच्या विम्याचं कोटेशन वाचलं. चिपळूणच्या बाजारपेठेत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, मागच्या गल्लीत गोडाऊन, कामाला आठ माणसं. आणि कागदावर जेमतेम तीन ओळी: स्टॉक 25 लाख, फर्निचर 3 लाख, पत्ता दुकानाचा. हप्ता कमी बसतोय म्हणून तू खूश आहेस. मला हप्त्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण बाकीच्या तिन्ही ओळी खटकल्या.

आधी पॉलिसीचं नाव बघ. एका जागेवरची इमारत, फर्निचर, यंत्रं आणि माल मिळून किंमत 5 कोटींच्या आत असेल, तर त्यासाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक मजकुराची पॉलिसी आहे. (5 ते 50 कोटींसाठी 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. ती तुला तूर्त नको.) आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं तिच्यात आधीपासूनच धरलेलं असतं. मूळ मजकूर सगळीकडे तोच असल्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करणं सोपं जातं. तुझ्या कोटेशनवर मात्र नुसतं 'दुकानदार पॅकेज' लिहिलंय. पॅकेज वाईट नसतं. पण त्यातला आगीचा विभाग कुठल्या मजकुराचा आहे आणि त्यात पूर आहे की नाही, हे तोंडी ऐकून सोडू नकोस, पॉलिसीचा मजकूर मागवून वाच. 2005 च्या जुलैत आणि पुन्हा 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. तुझं दुकान रस्त्याच्या पातळीला आहे.

आता तो 25 लाखांचा आकडा. तो कुठून आला? तू विचारलं नसशील तरी मी सांगतो, तो हप्ता बसवण्यासाठी आला. तुझ्याच हिशेबाप्रमाणे माल 40 लाखांचा आहे. समज, पुरात 16 लाखांचा माल गेला. तुला वाटेल, विमा 25 लाखांचा आहे, म्हणजे 16 लाख पूर्ण मिळतील. तसं होत नाही. सर्व्हेयर (नुकसान मोजायला कंपनी नेमते तो माणूस) आधी घटनेच्या दिवशी एकूण माल कितीचा होता ते काढतो. 40 लाखांच्या मालावर 25 लाखांचा विमा म्हणजे 62.5 टक्के, त्याच प्रमाणात 16 लाखांचे 10 लाख होतात. उरलेले 6 लाख तुझ्या अंगावर. याला अंडर-इन्शुरन्स म्हणतात, आणि छोट्या दुकानदाराचा क्लेम सगळ्यात जास्त इथेच कापला जातो. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते. तुझी तफावत साडेसदतीस टक्के आहे.

आकडा ठरवताना वर्षाची सरासरी धरू नकोस. पंखे-कूलर उन्हाळ्याआधी भरतेस, माळा-तोरणं दिवाळीआधी. ज्या महिन्यात गोडाऊन छतापर्यंत भरतं, त्या महिन्याचा आकडा घे. किंमत खरेदीची, वाहतुकीसकट. एमआरपी नव्हे, छापील किमतीवर विमा काढला तर हप्ता जास्त जातो आणि क्लेम मिळतो खरेदीच्याच भावाने.

इथे एक खाच आहे, जी बरेच एजंट सांगत नाहीत. मालावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट तू घेतेस (म्हणजे तो कर विक्रीच्या करातून वजा करतेस), म्हणून स्टॉक तू जीएसटी वगळून धरतेस. पण माल नष्ट झाला की जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे ते क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे 16 लाखांचा माल बुडाला तर 18 टक्क्यांनी आणखी 2 लाख 88 हजार सरकारला भरायचे. विमा रकमेत जीएसटी धरलेलाच नसेल तर कंपनी तो देणार नाही. म्हणून विमा रक्कम जीएसटीसकट ठरव, 40 ऐवजी 47 लाख 20 हजार, आणि 'विमा रकमेत जीएसटी समाविष्ट' असं पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) लिहून घे. क्लेमच्या वेळी क्रेडिट परत केल्याचं सीएचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

पत्त्याची ओळ. विमा त्याच जागेतल्या मालाला लागू होतो जी शेड्यूलवर लिहिलेली आहे. तुझ्या गोडाऊनचा पत्ता तिथे नाही, म्हणजे आजच्या घडीला निम्म्याहून जास्त मालाला विमाच नाही. दोन्ही पत्ते घाल, आणि माल इकडून तिकडे सतत हलत असेल तर 'फ्लोटर' माग: दोन्ही जागांना मिळून एकच रक्कम. कॅश क्रेडिटसाठी (मालावरच्या कर्जासाठी) बँकेनं काढलेल्या विम्यावर भिस्त ठेवू नकोस. असा परस्पर काढलेला विमा बऱ्याचदा कर्जाएवढाच असतो आणि त्यावर फक्त दुकानाचा पत्ता असतो. हप्ता मात्र तुझ्याच खात्यातून जातो! प्रत मागून घे.

दुकान भाड्याचं आहे, तेव्हा भिंती-छत मालकाचं. पण रॅक, फॉल्स सीलिंग, काउंटर, वायरिंग, एसी, पाटी हे तुझं. त्याची किंमत आज नवीन करायला किती लागतील त्या भावाने धर. 3 लाखांत आजकाल एवढं फर्निचर होत नाही. भाडेकरारात 'आगीने इमारतीचं नुकसान झाल्यास भाडेकरू जबाबदार' असं कलम असेल तर मला कळव. त्याची वेगळी व्यवस्था करावी लागेल.

चोरीचा विमा वेगळा असतो. त्यात 'जबरदस्तीने प्रवेश' ही अट असते: शटर उचकटलेलं, कुलूप तोडलेलं, गज कापलेला असं काहीतरी दिसावं लागतं. गर्दीत गिऱ्हाइकानं खिशात टाकलेली वायरची गुंडाळी यात येत नाही, आणि नोकरानं हळूहळू लांबवलेला मालही नाही; नोकरासाठी 'फिडेलिटी गॅरंटी' लागते. आग किंवा पुरानंतर सात दिवसांत झालेली चोरी मात्र आगीच्याच पॉलिसीत धरलेली असते, आणि पुरात शटर वाकलेलं असतं तेव्हा ती उपयोगी पडते. गल्ल्यातली रोकड बँकेत नेताना रस्त्यात गेली तर तिच्यासाठी 'मनी इन्शुरन्स'.

शॉर्ट सर्किटबद्दल गैरसमज असतो. ज्या यंत्रात शॉर्ट झाला, ते यंत्र आगीच्या पॉलिसीत भरून मिळत नाही. त्यातून पसरलेल्या आगीचं बाकी नुकसान मिळतं. तुझ्याकडे महागडं असं टेस्टिंगचं एकच यंत्र आहे, तेव्हा त्यासाठी निराळी पॉलिसी घेण्याच्या फंदात पडू नकोस.

माणसांवर मात्र कंजुषी नको. दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे तू ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) नाहीस, म्हणून कामावरच्या अपघाताची भरपाई थेट तुझ्यावर येते. हिशेब असा: मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. 30 वर्षांच्या माणसाचा गुणांक 207.98. पगार 15,000 धरला तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850. तुझी दोन पोरं गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर चढून पंखे बसवतात. या भरपाईसाठी घ्यायच्या पॉलिसीत त्यांचं काम 'विक्रेता' लिहिलं आणि अपघात शिडीवर झाला, तर वाद तिथेच सुरू होतो. 'दुकानाबाहेर इलेक्ट्रिकल फिटिंग' असं स्पष्ट लिहून घे, आणि पगार खरा दाखव, ओव्हरटाइमसकट. त्याच फिटिंगमधून गिऱ्हाइकाच्या घरात काही पेटलं तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटीची (तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या जबाबदारीची) रक्कमही माग.

नूतनीकरणाची तारीख पावसाळ्यात येऊ देऊ नकोस. दुकानाच्या विम्याला हप्ता उशिरा भरायची सवलत नसते. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीप्रमाणे हप्ता आधी पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. पॉलिसी 30 जूनला संपली, चेक 5 जुलैला दिला, मधले दिवस उघडे. एप्रिलची तारीख धर. शेड्यूलवर 'एक्सेस' नावाची ओळ असते. प्रत्येक क्लेममधून तेवढी रक्कम आधी वजा होते, तीही वाचून ठेव.

आता कागद. बँकेला दर महिन्याला देतेस ते स्टॉक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न आणि वर्षाखेरीचा ताळेबंद हे तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. ड्रॉइंग पॉवर (बँकेतून उचलता येणारी रक्कम) वाढावी म्हणून बँकेला फुगवलेला आणि कर वाचावा म्हणून ताळेबंदात आकसलेला स्टॉक दाखवला की सर्व्हेयर कमी आकडा उचलतो. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप रोज ऑनलाइन जाऊ दे. कॉम्प्युटर काउंटरखाली असतो, पाणी पहिल्यांदा तिथेच पोचतं.

नुकसान झालं तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळव, पावतीचा नंबर घे. चिखल काढण्याआधी फोटो काढ: भिंतीवरची पाण्याची खूण, प्रत्येक रॅक, खोक्यांवरचे बॅच नंबर. भिजलेला माल सर्व्हेयरनं पाहेपर्यंत फेकू नकोस. कोरडा माल मात्र उचलून वेगळा ठेव, तो वाचवणं तुझंच काम धरलं जातं. तलाठ्याचा पंचनामा, आगीला अग्निशमन दलाचा दाखला, चोरीला एफआयआर. नियमाप्रमाणे 24 तासांत सर्व्हेयर नेमायचा असतो, त्याचा अहवाल 15 दिवसांत आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीचा निर्णय. रक्कम पटली नाही तर 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नकोस. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या तक्रारी 50 लाखांपर्यंत तिथे चालतात, वकील लागत नाही.

कोटेशन परत पाठव आणि नव्यानं मागव: दोन पत्ते, जीएसटीसकट स्टॉक, फर्निचर आजच्या भावाने, माणसांचा विमा वेगळ्या कागदावर. आलं की शेड्यूलचा फोटो पाठव, नुसता हप्त्याचा आकडा नको.

कळावे.