प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांत तक्रार साधारण एकच आहे: देव पूर्वीसारखा जाणवत नाही. लिहिणारे कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत, स्वतंत्र मंडळ्यांतलेही आहेत. नावे कुणाचीच देत नाही. आपल्या भागात गाव आणि मंडळी सांगितली की माणूस ओळखू येतो.

प्रश्न (निपाणी): माझं वय शेहेचाळीस. घरातली उठायच्या आधी बायबल वाचते, प्रार्थना करते. पूर्वी डोळ्यांतून पाणी यायचं. गेली दोनेक वर्षं भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय. कुठलं मोठं पाप केल्याचं आठवत नाही. माझं काय चुकलं?

काहीतरी चुकलेच असणार, हे तुम्ही आधीच ठरवून टाकले आहे. तिथेच जरा थांबू या.

येशूसंघ (जेझुइट) हा कॅथलिक संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसने सोळाव्या शतकात या कोरडेपणाची तीन कारणे सांगितली. (बेळगावात सेंट पॉल्समध्ये शिकलेल्यांना हे नाव नवे नाही, ती शाळा त्याच्याच येशूसंघाची.) पहिले कारण आपलीच हयगय. दुसरे परीक्षा: पदरात काही पडले नाही तरी हा माणूस देवाची सेवा करतो का? तिसरे असे की भक्तीतला आनंद ही आपली कमाई नाही, देणगी आहे, हे आपल्या अंगी मुरावे. तिघांतले एकच कारण आपल्या दोषाचे आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र त्या एकालाच धरून बसायची सवय. कुणी ‘मन लागत नाही’ म्हणायचा अवकाश, ‘काही लपवतोयस का?’ असे विचारणारा शेजारीच बसलेला असतो.

आपली हयगय आहे की नाही हे ओळखायच्या खुणा क्रूसाच्या संत योहानाने, त्याच शतकातल्या स्पेनमधल्या कार्मेल संघाच्या साधूने, दिल्या आहेत. या माणसाचे मी ऐकतो, कारण १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या बांधवांनी त्याला धरून टोलेडोला नेले आणि पुढचे कित्येक महिने एका अरुंद कोठडीत कोंडून ठेवले. तिथे त्याने कविता रचल्या. तो म्हणतो, देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण मग इतर कशातही नाही. आपल्या हातून देवाची सेवा होत नाही याची सतत रुखरुख. आणि पूर्वीसारखे मनन करायला बसले तर ते जमतच नाही. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर तो निष्काळजीपणा नव्हे. ज्याने खरोखर देवाला सोडले त्याला रुखरुख लागत नाही. दोन वर्षांनी तो असे पत्रही लिहीत नाही.

तुम्ही निपाणीच्या, पण अथणीकडे कुणी पाहुणे असतील तर शाळू पाहिला असेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस सरत आला की पेरतात. पुढे ते पीक काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते आणि माघ-फाल्गुनात काढणीला येते. कणकुंबीच्या पावसात वाढलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही. पीक म्हणजे गुडघाभर पाणी, असाच त्याचा हिशेब. तुमची इतक्या वर्षांची पाठ वचने, आईने शिकवलेली पदे, आजारपणात मंडळीने केलेल्या प्रार्थना, ही सगळी आत मुरलेली ओल आहे. दोन वर्षे तुम्ही तिच्यावरच पहाटे उठता आहात. नुसत्या सवयीवर कुणी इतके दिवस अंधारात उठत नाही.

वाढ झाली का हे पाहायचे असेल तर डोळ्यांतले पाणी मोजू नका, घरच्यांना विचारा. राग आल्यावर तुम्ही पूर्वी किती वेळ धुसफुसत होता आणि आता किती? शेजारणीचे दुखणे ऐकताना मध्येच आपले सांगत नाही ना? उसने दिलेले कुणी बुडवले तर झोप उडते का? पौलाने गलतीकरांना आत्म्याचे फळ सांगितले त्यात प्रीती, सहनशीलता, ममता, इंद्रियदमन आहे. आनंद आणि शांतीही आहे, नाही असे नाही. पण प्रार्थनेत अंगावर काटा येणे त्या यादीत कुठेच नाही.

पहाटेचा वेळ आहे तेवढाच ठेवा. भावना येईना म्हणून वाढवू नका, येत नाही म्हणून घटवूही नका. मनन जमत नसेल तर एकच ओळ घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा म्हणा. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हणून प्रार्थना केली, असे मत्तय स्पष्ट लिहितो. त्याला नवे शब्द सुचले नाहीत. तुम्हाला सुचायलाच हवेत असे कुठे आहे?

प्रश्न (खानापूर तालुका, सध्या बेळगाव): अंकल, बारावीत असताना प्रार्थनासभेत मला पवित्र आत्म्याचा जोरदार अनुभव आला होता. आता उद्यमबागेत फौंड्रीत लागलोय, शिफ्ट ड्यूटी. सभेत सगळे रडतात, हात वर करतात, मला काहीच होत नाही. ग्रुपमधले म्हणतात सैतानाचं काम आहे, उपास कर. तीन दिवस केला, तर मशीनवर चक्कर आली.

आधी जेव.

हे चेष्टेने म्हणत नाही. १ राजे, अध्याय १९ काढ. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला एलीया दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगर आणि देवाशी बोलणे नंतरचे. एक आठवडा रात्रपाळी आणि दुसऱ्या आठवड्यात दिवसपाळी करणाऱ्या पोराला प्रार्थनेत काही वाटत नसेल, तर सैतानाला हाक मारण्याआधी झोपेचे तास मोजावेत. आणि वितळलेल्या लोखंडाशेजारी उपाशी उभे राहायला कुठल्याच शास्त्रात सांगितलेले नाही.

आता ग्रुपबद्दल. बारावीतला तुझा अनुभव खोटा नव्हता. त्यावर शंका घेऊ नकोस. पण सगळे गात असतात, रात्र असते, ढोलक वाजत असते, तेव्हा मन भरून यायला ते सगळेच मदत करते. त्यात वाईट काही नाही. फक्त तेच एक मोजमाप धरले की पंचाईत होते. मार्काचा पहिला अध्याय बघ. येशूचा बाप्तिस्मा होतो, स्वर्गातून वाणी येते आणि लगेच आत्मा त्याला अरण्यात घालवतो. सैतान तिथे होता, पण नेले आत्म्याने. हे वचन तुझ्या मित्रांना दाखव, भांडण न करता.

प्रश्न (बेळगाव): मी निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी पत्नी गेली. प्रार्थनेला बसलो की देवावर संतापच येतो. फादर म्हणाले, देवाची इच्छा म्हणून स्वीकारा. मला ते जमत नाही. हे पाप आहे का?

नाही. आणि ‘देवाची इच्छा’ हे शब्द दुःखात असलेल्या माणसापुढे इतक्या लवकर ठेवू नयेत, असे माझे मत आहे. फादरांचा हेतू वाईट नसेल; आपल्याकडे मयताच्या घरी काय बोलावे हे कुणी शिकवत नाही.

स्तोत्र ८८ वाचा, शक्यतो मोठ्याने. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. १३ वे तसेच आहे, ‘कुठवर?’ विचारत सुरू होते आणि गाण्यावर संपते. ८८ वे वळत नाही. माझे आप्तमित्र तू दूर केलेस, असे देवाला तोंडावर म्हणते आणि अंधारातच संपते. ज्यांनी स्तोत्रे एकत्र केली त्यांनी ते वगळले नाही, शेवटी एखादा बरा श्लोकही जोडला नाही. मात्र ते सगळे देवालाच उद्देशून आहे, आणि म्हणणारा रोज सकाळी परत येतो. तुमचा संताप देवापुढे बसून येतो असे तुम्हीच लिहिता, म्हणजे प्रार्थना चालू आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडीही स्तोत्र २२ मधला प्रश्नच होता.

आणखी एक. झोप, भूक, अंघोळ, पेपर वाचणे हेही सुटले असेल, जगू नये असे वाटत असेल, तर ते केवळ आध्यात्मिक कोरडेपणा म्हणून सोडून देऊ नका. वर उल्लेखलेला संत योहानही मान्य करतो की अशा स्थितीत खिन्नतेचा आजार मिसळलेला असू शकतो. बेळगावात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि फोनवर मानसिक आधार देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कुठूनही लागतो. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

प्रश्न (चिकोडी): मी संडेस्कूल घेते. मुलांना ‘येशू तुमच्या जवळ आहे’ म्हणून सांगते आणि मला स्वतःला तसं कधीपासून वाटलेलं नाही. मी ढोंगी आहे का? शिकवणं सोडू?

ताई, ढोंगी माणूस स्वतःला हा प्रश्न विचारत नाही. पण तेवढ्यावर तुमचे समाधान करून सोडणार नाही, कारण या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे आहेत आणि तुमचे कोणते हे मला इथून दिसत नाही.

पहिले उत्तर मदर तेरेसांचे. त्या १९९७ मध्ये वारल्या. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे नष्ट करावीत असे त्यांनी सांगितले होते, पण ती राहिली आणि २००७ मध्ये छापली गेली. तेव्हा जगाला कळले की कोलकात्यातले काम सुरू झाल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे, मधला थोडा काळ सोडला तर, त्यांना आत देव जाणवत नव्हता. काही वर्तमानपत्रांनी ‘संत की नास्तिक’ असा गोंधळ घातला. ज्यांनी पत्रे नीट वाचली त्यांना वेगळे दिसले: ही बाई पहाटे प्रार्थनेला बसत होती आणि रस्त्यावर मरणाऱ्यांना उचलत होती, आणि दोन्हीला भावनेचा आधार नव्हता. लिझ्यूची तेरेसा ही फ्रेंच जोगीणही तशीच. चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये क्षयाने गेली. शेवटचे दीड वर्ष तिला स्वर्ग आहे हेच खरे वाटेना. तरी त्या काळात तिने विश्वासाच्या ओळी लिहून काढल्या. या दोघी तुमच्या जागी असत्या तर रविवारी मुलांसमोर नक्की उभ्या राहिल्या असत्या.

दुसरे उत्तर पंडिता रमाबाईंचे, आणि ते जास्त अवघड आहे. रमाबाईंचा जन्म आजच्या कर्नाटकातला. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे आपली साक्ष लिहिताना त्या सरळ कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले होते, देशोदेशी त्यांचे नाव झाले होते. एवढ्या कर्तबगार बाईने हे छापून सांगितले याचे मला आजही आश्चर्य वाटते. आपल्याकडचा पाळक असे वेदीवरून म्हणाला तर पुढच्या रविवारी मंडळीची बैठक बसेल.

म्हणून स्वतःला विचारा: पूर्वी असलेले काही आता जाणवत नाही, की ते कधी नव्हतेच? लहानपणापासून ख्रिस्ती घर, दृढीकरण, मग संडेस्कूल, असे सरळ चालत आलेल्यांत दुसरा प्रकार बराच असतो. त्यात लाज नाही. तसे असेल तर सहन करण्याची नाही, मागण्याची वेळ आहे. शुभवर्तमान पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे मार्कापासून सुरू करा आणि विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईशी मोकळे बोला.

शिकवणे दोन्ही प्रकारांत सोडू नका. फक्त मुलांना ‘मला आत्ता येशू जवळ वाटतो’ असे सांगू नका. ‘येशू म्हणाला, मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे’ असे सांगा. त्याचा शब्द सांगताना तुमच्या मनःस्थितीची साक्ष लागत नाही. मोठ्या मुलांनी विचारलेच तर ‘मलाही कधीकधी काही वाटत नाही’ हे सांगून टाका. पंधरा वर्षांच्या पोराला ते ऐकून बरेच हायसे वाटेल.

प्रश्न (गोकाक): माहेर खानापूरकडचं, लग्न करून इकडे आले. चर्चमध्ये सगळं कन्नडमध्ये. समजतं, पण मनाला भिडत नाही. माझा विश्वास थंड झालाय का?

विश्वास थंड झालेला नाही, कान परका आहे. शनिवारी रात्री उद्याचे वाचन मराठीत वाचून ठेवा, मग कन्नडमध्ये ऐकताना शब्दांमागे धावावे लागणार नाही. घरची प्रार्थना मराठीतच करा. नवऱ्याने कन्नडमध्ये केली तर आमेन दोघांचे एकच आहे. एखादे कन्नड गाणे मात्र पाठ करा, सासूबाईंनाच शिकवायला सांगा. साठच्या दशकापर्यंत कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, आणि एक शब्द न कळता आपल्या आज्या-पणज्या गुडघे टेकून बसत. तो काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण त्यांची भक्ती थंड होती असे कुणी म्हणणार नाही.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): वर्षभर उपासनेत काही मिळत नाही. एक मित्र दुसऱ्या मंडळीत बोलावतोय, तिथं खूप जिवंतपणा आहे म्हणे. बदलू का?

आत्ता नको. इग्नेशियसचा या बाबतीतला नियम पक्का आहे: कोरडेपणात असताना आधीचा निर्णय मोडू नये. मन ठिकाणावर असताना जे ठरवले होते त्यावर राहावे आणि जमल्यास प्रार्थनेत थोडी भर घालावी. त्या काळात नवे काहीही आकर्षक दिसते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेही नवे राहत नाही. मग तिसरी मंडळी शोधावी लागते. बेळगावात मंडळ्यांना तोटा नाही, त्यामुळे हे फिरणे बरीच वर्षे चालू शकते.

याला अपवाद आहे. तुमच्या मंडळीत पैशाचा हिशेब विचारला म्हणून दमदाटी होत असेल, बाया-मुलांशी कुणी गैर वागत असेल आणि ते झाकले जात असेल, तर तो कोरडेपणाचा विषयच नाही; तिथून निघा, आणि गरज असेल तर पोलिसांत जा. तसे काही नसेल तर पुढचे सहा महिने आहात तिथेच बसा. मागच्या बाकावर नको, पुढे. उपासना संपल्यावर लगेच गाडी काढू नका. ज्या म्हाताऱ्यांना घरी न्यायला कुणी येत नाही, त्यांच्यातल्या एकाला सोडून या.

सहा महिन्यांनंतरही जावेसे वाटले तर आधी पाळकांना सांगा आणि मग जा. चोरून जाऊ नका.