मुलाला टाइप १ मधुमेह झाला, तो लहानपणी दिलेल्या वरच्या दुधामुळे की आनुवंशिकतेमुळे?

दुधामुळे नाही, आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तीही एकटी पुरेशी नसते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. धोका वाढवणारी मुख्य जनुके एचएलए गटातली (प्रतिकारशक्तीला आपले-परके ओळखायला मदत करणारी), विशेषतः डीआर३ आणि डीआर४ हे प्रकार. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही, म्हणजे बाहेरचेही काहीतरी लागते. सध्या जास्त संशय एंटेरोव्हायरससारख्या विषाणूंवर आहे. दुधाचा संशय जुना आहे, आणि तो नीट तपासलाही गेला. ट्रायगर या चाचणीत जनुकीय धोका असलेल्या 2,159 बाळांपैकी निम्म्यांना गाईच्या दुधाची नेहमीची पावडर दिली, उरलेल्यांना प्रथिने आधीच तोडलेली. 2018 मध्ये निकाल आला: मधुमेहाच्या प्रमाणात फरक नाही. त्यामुळे 'तूच बाटली लावलीस' असे आईला ऐकवणे बंद करा. एक मात्र खरे, आजार झाल्यावर आहाराला महत्त्व येते: जेवणातली कर्बोदके मोजून इन्सुलिनचा डोस ठरतो. पण कोणत्याही पथ्याने इन्सुलिन बंद करता येत नाही. सीलिअ‍ॅक या आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेन प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) जनुके बरीचशी वरच्या एचएलए गटातलीच असल्याने त्याची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या.